चढावर इंजिन ओरडतं, गाडी ओढत नाही: गिअरबॉक्स उतरवायच्या आधी हे तपासा

बेळगाव-खानापूर भागातल्या गॅरेजवर ही तक्रार वर्षभर येत राहते. "मिस्त्री, रेस दिली की नुसतं वरडतंय, गाडी वढंना झालीया." गाडी आणणाऱ्याला बहुतेक वेळा आधीच कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं की क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवायला लागणार. पुष्कळदा ते खरंही असतं. पण केबलचा एक नट, फ्लुइडची रिकामी डबी किंवा पेडलखाली गोळा झालेली मॅट एवढ्यावरच काम भागलेल्या गाड्याही मी सतत बघतो.

क्लच प्लेट ताटाएवढीही नसते. पण ती इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे बसते, त्यामुळे तिचं तोंड बघायचं तरी अख्खा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. मजुरी तिथे लागते, दिवस तिथे जातो. म्हणून बाहेरून जे जे तपासता येतं ते सगळं आधी तपासून व्हायला हवं, आणि त्यातलं बरंचसं गाडीमालकाला स्वतःच्या दारात करता येतं. मी गाडी ज्या क्रमाने बघतो त्याच क्रमाने खाली लिहितो: फुकटातलं आधी, खर्चाचं शेवटी.

आपल्याकडे क्लच लवकर का जातो तेही सांगायला हवं. गळीत हंगामात संकेश्वर, निपाणी, चिकोडीकडच्या कुठल्याही रस्त्याला लागा, पुढे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर असतोच. त्याच्या मागे पहिल्या गिअरमध्ये सोड-दाब करत मैलभर जायचं. गोव्याला जाताना जांबोटी, कणकुंबी आणि मग चोर्ल्याची वळणं, नाहीतर वेंगुर्ला रोडने आंबोली. रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते आणि चढावर थांबलेली गाडी लोक हँडब्रेक न लावता हाफ क्लचवर धरून ठेवतात. रेल्वे गेटच्या रांगेतही तेच. हाफ क्लचवर गाडी धरली की प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनसोबत फिरणाऱ्या जड चकतीला) अर्धवट चिकटून घासत राहते आणि इंजिनचा जोर चाकांकडे जाण्याऐवजी उष्णता होऊन प्लेटमध्येच मुरतो. घाटातल्या एका रांगेत प्लेट जेवढी झिजते तेवढी सरळ हायवेवर कित्येक महिन्यांतही झिजत नाही.

लक्षण नेमकं कोणतं, ते आधी ठरवा

"क्लच खराब" या दोन शब्दांत चार वेगवेगळे रोग येतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

पहिला, क्लच घसरणं. रेस दिली की आरपीएमचा काटा झपकन वर जातो आणि स्पीडचा काटा जागेवर राहतो. हे आधी वरच्या गिअरमध्ये आणि चढावर दिसतं. खालच्या गिअरमध्ये गाडी पटकन उचलते, ताण क्षणभराचा असतो. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये पूर्ण रेस देऊन चढ चढताना इंजिन आपला सगळा जोर बराच वेळ लावून धरतं, आणि पकड कमी झालेली प्लेट तिथे सुटते. काकतीहून हत्तरगीकडे जाताना वंटमुरी घाटात किंवा निपाणीजवळच्या तवंदी घाटात "आजच गाडी अशी करायला लागली" असं वाटतं ते त्यामुळे. दोष काही महिने आतल्या आत वाढत असतो, घाट तो दाखवतो. जोडीला जळका, उग्र वास येतो.

दुसरा, क्लच न सुटणं. पेडल पूर्ण दाबलं तरी गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज येतो, पहिला गिअर टाकताच गाडी किंचित पुढे सरकते.

तिसरा, थरथरणं. पहिल्या गिअरमध्ये किंवा रिव्हर्समध्ये क्लच सोडताना अख्खी गाडी धडधडते, पुढे वेग घेतला की ठीक.

चौथा, आवाज. गाडी न्यूट्रलला उभी असताना पेडल दाबलं की घूं घूं किंवा किर्र आवाज सुरू होतो आणि सोडलं की बंद होतो, तर रिलीज बेअरिंगवर (पेडल दाबलं की क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर) संशय घ्या. उलटं असेल, म्हणजे पेडल सोडलेलं असताना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचमधून गिअरबॉक्सकडे जोर नेणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग. हा फरक मिस्त्रीला आधीच सांगितलात तर त्याचा अर्धा तास वाचतो.

एक गोंधळ कायम होतो. "गाडीला दम नाही" आणि "क्लच घसरतोय" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रेस दिल्यावर आरपीएमसुद्धा वाढत नसेल, इंजिनच गुदमरल्यासारखं करत असेल, तर तो क्लच नाही. डिझेल फिल्टर चोंदलाय, एअर फिल्टर धुळीने भरलाय, टर्बोचा पाइप फाटलाय, नाहीतर एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहिलाय. ब्रेक धरलाय का ते बघायला दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबा आणि चारही चाकांच्या डिस्क किंवा ड्रमजवळ हात न लावता नुसता नेऊन बघा. एकाच चाकाची धग वेगळी जाणवली तर तिथेच दोष. आरपीएम वाढतो आणि स्पीड वाढत नाही, तेव्हाच क्लचचं नाव घ्या.

फुकटातल्या तपासण्या

ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट काढा. रबराच्या मॅटवर कार्पेट, त्यावर पावसाळ्यात टाकलेलं पोतं किंवा वर्तमानपत्र, असे तीन-तीन थर मी बघितले आहेत. पेडल शेवटपर्यंत जात नाही, क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर खडखडतात. मॅट काढून रिव्हर्स टाकून बघा.

मग डावा पाय कुठे असतो ते बघा. गाडी चालताना पाय पेडलवर टेकलेला राहत असेल तर तेवढ्या वजनानेही रिलीज बेअरिंग सतत प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगच्या बोटांना टेकून राहतं. बेअरिंग झिजतं आणि पकडही कमी होते. घरातला दुसरा कुणी तीच गाडी चालवत असेल तर त्याच्या शेजारी एकदा बसून त्याचा पाय बघा.

आता फ्री प्ले. इंजिन बंद ठेवा आणि पेडल हाताने हळूच दाबा. पायाला कळत नाही, हाताला कळतं. सुरुवातीला पेडल सैलसर जातं, मग एका जागी विरोध सुरू होतो. त्या सैल अंतराला फ्री प्ले म्हणतात. केबलच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ते साधारण १० ते २० मिलिमीटर असतं, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत बघा. पट्टी लावून मोजा.

या तपासणीला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो, कारण इथे गोष्ट उलटी आहे. प्लेट झिजते तशी ती पातळ होते, प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या दिशेने सरकते आणि तिच्या मधल्या स्प्रिंगची बोटं बाहेर, बेअरिंगकडे येतात. म्हणजे झीज वाढते तसा फ्री प्ले कमी होतो. वेळच्या वेळी अ‍ॅडजस्ट केला नाही तर एक दिवस तो शून्यावर येतो, बेअरिंग बोटांना कायम दाबून धरतं आणि प्लेटवर लायनिंग (घासून पकड देणारा थर) शिल्लक असूनही क्लच घसरायला लागतो. अशा गाडीला नवी प्लेट लागत नाही, केबलचा नट थोडा सैल करावा लागतो. पण हे वेळेत केलं तरच. घसरत असलेली गाडी तशीच महिनाभर दामटली तर उरलेलं लायनिंगही जळून जातं.

केबल आणि फ्लुइड

मारुती ८००, जुनी ऑल्टो, ओम्नी अशा गाड्यांत क्लच केबलवर चालतो. मोठ्या आणि बऱ्याचशा नव्या गाड्यांत हायड्रॉलिक असतो. आपल्या गाडीत काय आहे ते आधी बघून घ्या.

केबल असेल तर बोनट उघडून केबल गिअरबॉक्सवरच्या लिव्हरला जिथे जोडली आहे ते टोक बघा. तारेचा एखादा पदर तुटून बाहेर आला असेल तर केबल बदला, अ‍ॅडजस्ट करत बसू नका. एक पदर तुटला की बाकीच्यांवर ताण येतो आणि केबल तुटायची ती नेमकी घाटातच तुटते. पेडल जड झालं असेल तर केबल कुठे मुडपली आहे का, गरम भागाला लागून कव्हर वितळलंय का, हे बघा. क्लच जड झाला की लोक प्रेशर प्लेटला दोष देतात, पण आपल्याकडच्या लाल धुळीने आणि पावसाच्या पाण्याने आतून गंजलेली केबल हेच कारण अनेकदा निघतं. केबल काही शेकड्यांत येते, क्लच किटला काही हजार मोजावे लागतात. काही गाड्यांची केबल आपोआप अ‍ॅडजस्ट होणारी असते, तिचा नट शोधून फिरवायला जाऊ नका.

हायड्रॉलिक असेल तर फ्लुइडच्या डबीपासून सुरुवात करा. पुष्कळ गाड्यांत ब्रेक आणि क्लच दोघांना एकच डबी असते आणि क्लचचा पाइप डबीच्या बाजूने, थोड्या वरच्या पातळीवरून निघतो. गळती झाली तर आधी क्लच जावा आणि ब्रेकला फ्लुइड शिल्लक राहावं म्हणून ती सोय केलेली असते. म्हणून क्लच अचानक हलका पडला आणि डबीतली पातळी खाली गेलेली दिसली तर तो विषय ब्रेकचाही आहे. गळती सापडेपर्यंत ती गाडी घाटात नेऊ नका.

गळती शोधायच्या जागा दोन. टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली वाका आणि पेडलचा दांडा जिथे आत शिरतो तिथे बोट फिरवा. ओलसर लागलं तर मास्टर सिलिंडर गळतोय. दुसरी जागा गिअरबॉक्सवरचा स्लेव्ह सिलिंडर. त्याचं रबरी बूट हळूच मागे सारलं की आत फ्लुइड साठलेलं दिसतं. काही गाड्यांत मात्र हा सिलिंडर रिलीज बेअरिंगसोबत बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) आत बसवलेला असतो. तो गळला तर बाहेरून काहीच करता येत नाही, गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

पेडल चार-पाच वेळा भराभर दाबल्यावर गिअर नीट पडत असेल आणि थोड्या वेळाने पुन्हा अडत असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलिंडरचं रबर गेलंय. हवा काढायला दोन माणसं लागतात: एक पेडलवर, एक स्लेव्ह सिलिंडरवरच्या हवा काढायच्या निपलपाशी. निपलला पारदर्शक नळी लावायची, तिचं दुसरं टोक थोडं फ्लुइड घातलेल्या बाटलीत बुडवायचं, पेडल दाबून धरल्यावरच निपल सैल करायचा आणि पेडल सोडायच्या आधी घट्ट करायचा. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवा आणि डबी मधे रिकामी होऊ देऊ नका. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिलंय तेच घाला. इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल, हाताला लागेल ते तेल, काहीही चालत नाही. आतली सगळी रबरं फुगतात आणि दोनशे रुपयांच्या कामाचं सगळे सिलिंडर बदलायचं काम होतं. हे फ्लुइड रंग खातं, बॉडीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

पावसाळ्यात आमच्याकडे एक खास केस येते. कणकुंबी, जांबोटी, लोंढा भागात गाडी महिना-दीड महिना उभी राहते आणि मग क्लच सुटतच नाही. दमटपणाने फ्लायव्हीलवर गंज चढतो आणि प्लेट त्याला चिकटते. केबल, फ्लुइड सगळं ठीक असतं. इंजिन बंद असताना गिअर पडतात आणि चालू केल्यावर पडत नाहीत, ही खूण. ही चिकटलेली प्लेट अनुभवी माणूस मोकळ्या जागेत गाडी चालवून सोडवू शकतो. पण ती कधी सुटेल याचा नेम नसतो आणि सुटेपर्यंत क्लच दाबून गाडी थांबत नाही. अंगणात, भिंतीसमोर किंवा पोरं खेळतात तिथे हा प्रयोग करू नका, मिस्त्रीला बोलवा. आणि इंजिन बंद असतानाही गिअर पडत नसतील तर क्लच सोडा, गिअरची केबल किंवा लिंकेज बघा.

खरंच घसरतोय का?

वरचं सगळं ठीक निघालं तर आता प्लेटची परीक्षा. इंजिन गरम झाल्यावर वाहतूक नसलेल्या सौम्य चढावर चौथ्या गिअरमध्ये चाळीस-पन्नासच्या वेगाने जा आणि रेस पूर्ण दाबा. दोन्ही काटे सोबत, सावकाश वर गेले तर पकड ठीक आहे. आरपीएमचा काटा एकटाच उडाला तर क्लच घसरतोय. जुन्या छोट्या गाड्यांत आरपीएमचा काटा नसतो, तिथे काच खाली करून कानाने ओळखा.

उभ्या गाडीवरची एक परीक्षाही आहे: सपाट जागा, हँडब्रेक पक्का, पुढे-मागे कुणी नाही, तिसरा गिअर, थोडी रेस देऊन क्लच सावकाश सोडायचा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. ते फिरत राहिलं तर प्लेट घसरतेय. ही परीक्षा एकदाच करा. दर वेळी प्लेट तापते आणि तीन-चार वेळा केली तर धड असलेली प्लेटही खराब होते. बटणाचा इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असलेल्या गाडीवर ती मुळीच करू नका. त्यातले अनेक ब्रेक गाडी सुटायला लागली की आपोआप मोकळे होतात.

गाडी थरथरत असेल तर गिअरबॉक्सकडे वळण्याआधी इंजिनचे माउंटिंग बघा. रबर फाटलं की क्लच सोडताना अख्खं इंजिन उसळतं आणि वाटतं प्लेट गेली. माउंटिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

शेवटची बाहेरची तपासणी तेलाची. बेल हाउसिंगच्या खालच्या सांध्यावर तेलाचा थेंब आहे का ते बघा. आपल्याकडे गाडीचं पोट लाल चिखलाने लिंपलेलं असतं, त्यामुळे आधी खालून धुऊन घ्या, दोन दिवस चालवा आणि मग बघा. इंजिन ऑइल असेल तर क्रँकचं मागचं सील गेलंय. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, तो असेल तर इनपुट शाफ्टचं सील. हे कळणं फार गरजेचं आहे. तेल लागलेली प्लेट बदलली आणि सील तसंच ठेवलं तर नवी प्लेटही तशीच भिजणार, आणि पुन्हा गिअरबॉक्स उतरवणं आलं.

इथे थांबा

घसरणं पक्कं झालं की घरचं काम संपलं. ऑनलाइन बघून गिअरबॉक्स उतरवायला घेणारी पोरं मला भेटतात, त्यांची हौस मला आवडते, पण इथे मी स्पष्ट नाही म्हणतो. छोट्या गाडीचा गिअरबॉक्सही एकट्या माणसाला पेलत नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत त्याचं माउंटिंग काढलं की इंजिनलाही आधार द्यावा लागतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच जाऊ नये, कुठल्याच कामासाठी.

एएमटी (गिअर आपोआप बदलणाऱ्या) गाडीत क्लचचं पेडल नसलं तरी आत तीच कोरडी प्लेट असते आणि ती तशीच झिजते. पण बदलल्यावर स्कॅनर लावून क्लचचं लर्निंग करावं लागतं, म्हणजे नव्या प्लेटची पकड गाडीच्या कॉम्प्युटरला शिकवावी लागते. ज्याच्याकडे तो स्कॅनर आहे त्याच्याकडेच जा. काही डिझेल गाड्यांत दोन भागांचं, ड्युअल मास फ्लायव्हील असतं. त्यातला खेळ मोजायला आणि ते चालेल की बदलायचं हे ठरवायला ते काम केलेला माणूस लागतो.

घाटात असताना जळका वास आला किंवा धूर दिसला तर रुंद जागा बघून बाजूला थांबा, हॅझर्ड लाइट लावा, चाकाला दगड लावा आणि गाडी निवू द्या. "एवढा चढ काढू" म्हणून दामटू नका. आणि खूप गेलेल्या क्लचवर चोर्ला किंवा आंबोली उतरायचं धाडस तर अजिबात नको. चढताना फार तर गाडी थांबेल. उतरताना इंजिनचा जो ब्रेक मिळतो तोही चाकांपर्यंत क्लचमधूनच येतो. प्लेट घसरली की सगळा भार पायाच्या ब्रेकवर पडतो आणि ते तापले की मग हातात काही उरत नाही. टो करणाऱ्याचे पैसे द्या.

गॅरेजवर काय बघायचं

गिअरबॉक्स खाली आला की शक्य असेल तर समोर उभे राहा. जुनी प्लेट हातात घ्या. लायनिंग झिजून रिवेटची डोकी वर आली असतील तर ती पितळी चकाकतात आणि फ्लायव्हीलवर त्यांच्याच गोल रेषा कोरलेल्या दिसतात. फ्लायव्हीलवर निळसर काळे डाग असतील तर तिथे धातू भयंकर तापून गेलाय. प्रेशर प्लेटच्या बोटांची टोकं बघा: सगळी एका पातळीत हवीत. बेअरिंगने घासून टोकांवर खोबण पडली असेल किंवा एखादं बोट खाली-वर असेल तर ती प्रेशर प्लेट पुन्हा बसवू नये.

"नुसती प्लेट बदला, बाकी चांगलं आहे" असं सांगून काहीशे रुपये वाचवणारे लोक मला पटत नाहीत. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्र बदला. बेअरिंग स्वस्त असतं, पण सहा महिन्यांनी ते वाजायला लागलं तर गिअरबॉक्स उतरवायची मजुरी पुन्हा पूर्ण द्यावी लागते. क्रँकचं सीलही याच वेळी बघून घ्या. फ्लायव्हीलवर रेषा किंवा डाग असतील तर फेसिंग (मशीनवर घासून सपाट) करून घ्या. उद्यमबागेत मशीनिंगची कामं करणारी वर्कशॉप भरपूर आहेत, बेळगावकरांना त्यासाठी लांब जावं लागत नाही. तडा असेल तर मात्र फेसिंग नको, फ्लायव्हीलच बदला.

नवीन किट बसवायच्या आधी जुन्या प्लेटवर नवी प्लेट ठेवून व्यास जुळवा आणि इनपुट शाफ्टच्या दातांवर ती सरकवून बघा. डुप्लिकेट मालाची किंवा चुकीच्या मॉडेलची ओळख इथेच पटते. व्हॅलिओ, ल्यूक, एक्सेडी अशा नावाजलेल्या कंपन्यांचे डबे नकली मालासाठीही वापरले जातात, म्हणून बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. प्लेटची कुठली बाजू फ्लायव्हीलकडे हे बहुतेक वेळा तिच्यावर लिहिलेलं असतं. उलटी बसली तर क्लच सुटत नाही. शाफ्टच्या दातांवर ग्रीस अगदी बोटाला लागेल इतकंच, जास्तीचं उडून लायनिंगवर बसतं. बेल हाउसिंगमधली काळी पूड हवा मारून उडवू देऊ नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसायला सांगा.

दणकट क्लच टाकावा का?

"मिस्त्री, एकदाच हेवी टाकून द्या की." घाटातली माणसं हे हमखास म्हणतात. ट्रॅक्टरला बटणाची सेरामेटॅलिक (सिरॅमिक आणि धातूच्या मिश्रणाच्या बटणांची) प्लेट बघितलेली असते, तीच कारला का नको, असा प्रश्न असतो. ती प्लेट उष्णता सोसते हे खरं, पण ती एकदम धरते. शहरात, रांगेत, गाडी सावकाश पुढे घेताना धक्के बसतात आणि तो मार गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सलवर जातो. जादा ताकदीच्या प्रेशर प्लेटने पेडल जड होतं, केबल आणि फोर्क (बेअरिंगला ढकलणारा काटा) लवकर झिजतात. इंजिनची ताकद वाढवलेली नसेल तर कंपनीच्या मापाचाच क्लच घ्या. कायम भरलेली गाडी घाटात चालवणाऱ्यांनी त्याच कंपनीने त्याच मॉडेलसाठी जादा क्षमतेची प्लेट दिली असेल तर ती घ्यावी, आणि चढावर गाडी हँडब्रेकवर धरायची सवय लावावी. सवय बदलली नाही तर ती प्लेटही तशीच जळते. घरगुती लायनिंग मारून घेतलेली प्लेट, ज्या गाडीचं किटच मिळत नाही तिच्यासाठी ठीक. किट मिळत असताना नको.

नवा क्लच बसल्यावर पहिले ५०० किलोमीटर सांभाळून चालवा: पूर्ण रेस नाही, जड भरून घाट नाही, उसाच्या ट्रॉलीमागे अडकलात तर सोड-दाब करण्यापेक्षा अंतर ठेवून थांबून पुढे व्हा. लायनिंग आणि फ्लायव्हील एकमेकांवर पूर्ण बसायला एवढं अंतर लागतं. सुरुवातीला थोडा वास आला तर घाबरू नका, पण आठवड्यानंतरही येत राहिला तर गाडी परत दाखवा. केबलची गाडी असेल तर ५०० किलोमीटर झाल्यावर पट्टी घेऊन फ्री प्ले पुन्हा मोजा. नवी केबल सुरुवातीला थोडी ताणते, त्यामुळे एकदा नट फिरवावा लागतोच.